वर्धापनदिन कोणाचा?

संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला, कीं चालकमंडळापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो वर्गणीचा. तो कसाबसा सुटला, कीं दुसरा उभा राहतो तो अध्यक्षांचा. मंडप कोठें घालावा, अहवाल कोणीं वाचावा, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर कोणाचें छायाचित्र असावें, यांवर बैठकींमागून बैठकी होतात. या धांदलींत एक प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारीत नाहीं. आपण वाढदिवस साजरा करणार तो नेमका कशाचा? माणसाला जन्माची एक घटका असते आणि जन्म देणारी एक माता असते. त्यामुळें त्याच्या वाढदिवसाविषयीं सहसा वाद संभवत नाहीं. संस्थेची गोष्ट निराळी. कोणी तिची कल्पना काढतो, कोणी तिला नांव देतो, कोणी जागा मिळवून देतो, आणि कोणी एक, ज्याचें नांव पुढें फारसें कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं, तो प्रत्यक्ष कामाला हात घालतो. या चौघांपैकीं जनक कोणास म्हणावयाचें?

हा प्रश्न राजकीय पक्षांच्या किंवा धर्मपंथांच्या बाबतींत निघाला, तर त्यांत नवल नाहीं. तेथें इतिहास हें भांडणाचें एक हत्यारच असतें. परंतु सुटीच्या दिवशीं एकत्र जमून कोबी-मुळा लावणाऱ्या निरुपद्रवी माणसांच्या मंडळालाहि तो चुकत नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जर्मनींतील लाइप्झिग शहरांत असें एक मंडळ आहे. त्याच्या नांवाची ख्याति एवढी पसरली, कीं त्या देशांतील असल्या कोणत्याहि बागेस लोक 'श्रेबरगार्टेन', म्हणजे श्रेबरची बाग, असें म्हणूं लागले. शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत किंवा नदीकांठच्या ओलाव्याच्या जागेंत सारख्या आकाराचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्याला कुंपण, आंत एक खोपटें, चार फळझाडें, भाजीचे वाफे आणि कडेला थोडीं फुलें. जमीन बहुधा नगरपालिकेची असते. मंडळ ती खंडानें घेतें आणि सभासदांना वांटून देतें. आज जर्मनींत अशा बागा सुमारे ९ लाख आहेत. एवढा वंशविस्तार झालेल्या कुळाचा मूळ पुरुष कोण, हें निश्चित सांगतां आलें पाहिजे असें कोणासहि वाटेल. नांवांतच तें सांगितलेलें आहे, असाहि कोणाचा समज होईल. पण खरी गोष्ट तशी नाहीं.

डॉक्टर मोरिट्झ श्रेबर हा १८०८ सालीं लाइप्झिग येथें जन्मला. तो वैद्य होता आणि शरीराचीं व्यंगें दुरुस्त करणें हा त्याचा विशेष विषय होता. १८४४ पासून त्या शहरांतील अशाच एका चिकित्सालयाचा तो चालक होता. कारखान्यांच्या धुरांत व कोंदट चाळींत वाढणाऱ्या मुलांचीं हाडें वांकतात, छात्या अरुंद होतात, हें तो रोज पाहत होता. त्यामुळें व्यायामाचा प्रसार हें त्यानें आपलें जीवितकार्यच मानलें. १८४५ मध्यें लाइप्झिगचें व्यायाममंडळ स्थापणाऱ्यांत तो प्रमुख होता. घरच्या घरीं करावयाच्या व्यायामावरील त्याचें १८५५ सालचें पुस्तक फार खपलें. आणि मुलांना शहरांत खेळावयास मोकळीं मैदानें असावींत, असें त्यानें आग्रहानें प्रतिपादिलें. पण बागेविषयीं काय? १८६१ च्या नोव्हेंबरांत श्रेबर वारला. ज्या बागांना त्याचें नांव पडलें, त्यांतील पहिला वाफा त्यानंतर सात वर्षांनीं खणला गेला. आपल्या नांवानें जगभर ओळखल्या जाणाऱ्या वस्तूचें त्यानें दर्शन तर घेतलें नाहींच, पण तिची कल्पनाहि केली नव्हती.

मग हें नांव आलें कोठून? लाइप्झिगच्या एका शाळेचा मुख्याध्यापक एर्न्स्ट इनोसेन्झ हाउशिल्ड यानें १८६४ सालीं पालक आणि शिक्षक यांचें एक मंडळ काढलें. शाळा आणि घर यांच्यामध्यें बोलणें-चालणें असावें, शिक्षणविषयक प्रश्नांची चर्चा व्हावी आणि मुलांना खेळावयास जागा मिळावी, हे त्याचे हेतु होते. त्याला 'शालेय मंडळ' किंवा 'शिक्षण मंडळ' असें रुक्ष नांव देण्यापेक्षां, नुकत्याच दिवंगत झालेल्या एका लोकहितैषी वैद्याचें नांव द्यावें, असें हाउशिल्डला वाटलें. स्वतःचें नांव पुढें न करतां दुसऱ्याचें पुढें करण्याचा हा त्याचा मोठेपणा खरा; पण त्याचा परिणाम असा झाला, कीं इतिहासानें त्याचें ऐकलें! १८६५ च्या मे महिन्यांत मंडळाचें क्रीडांगण उघडलें, त्यालाहि 'श्रेबरचें पटांगण' असेंच नांव पडलें. पुढच्याच वर्षीं हाउशिल्ड निवर्तला. म्हणजे ज्यानें मंडळ स्थापलें, त्यानेंहि तेथें बाग पाहिली नाहीं. त्याच्या हयातींत तेथें होतें तें केवळ एक खेळाचें मैदान.

बाग आली ती तिसऱ्याच माणसामुळें. हाइन्रिख कार्ल गेझेल हा सेवानिवृत्त शिक्षक या पटांगणावर मुलांच्या खेळांकडे लक्ष देत असे. मुलांनीं नुसतें धांवूं नये, हातांनीं मातीहि चाळवावी, बीं पेरावें, उगवलेलें पाहावें, या हेतूनें १८६८ मध्यें त्यानें मैदानाच्या कडेनें त्यांच्यासाठीं लहान लहान वाफे आंखले. त्या वेळीं तो अडुसष्ट वर्षांचा होता. पुढें जें झालें तें जगांतील कोणत्याहि शिक्षकाला सांगतां आलें असतें. पहिले कांहीं दिवस मुलांनीं उत्साहानें पाणी घातलें. मग उत्साह ओसरला, खेळ अधिक गोड वाटूं लागला आणि वाफ्यांत तण माजलें. तण पाहून पालकांचे हात शिवशिवूं लागले. दिवसभर कचेरींत किंवा कारखान्यांत राबणारा बाप संध्याकाळीं मुलाचा वाफा निंदावयास वांकला, आई दोन रोपें लावावयास बसली, आणि पाहतां पाहतां मुलांचे वाफे कुटुंबांचे झाले. त्यांना कुंपणें आलीं. १८६९ पर्यंत तेथें सुमारे १०० तुकडे झाले होते आणि १८७० मध्यें त्यांच्यासाठीं नियमावली मुक्रर झाली. शहर वाढूं लागल्यामुळें १८७६ मध्यें मंडळाला तेथून उठावें लागलें आणि तें पश्चिमेकडील नदीकांठच्या कुरणावर गेलें. तेथें १८९६ मध्यें मंडळाचें सभागृह उभें राहिलें. तें अद्यापि आहे, आणि बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९९६ मध्यें, त्यांतच या बागांच्या इतिहासाचें संग्रहालय उघडण्यांत आलें.

आतां या मंडळाचा वर्धापनदिन ठरविणाऱ्या समितीची अडचण वाचकांच्या ध्यानांत येईल. १८६४ हें नांवाचें वर्ष. १८६५ हें जागेचें. १८६८ हें वाफ्यांचें. १८७० हें नियमांचें. आणि आज जेथें मंडळ आहे त्या भूमीवरील वास्तव्याचें वर्ष १८७६. एका संस्थेला पांच जन्म! रूढीनें यांतील पहिलें वर्ष मानलेलें आहे, कारण कागदावर सर्वांत आधीं तेंच येतें. आणि समित्यांचा विश्वास मातीपेक्षां कागदावर अधिक असतो.

एवढ्यानेंहि भागत नाहीं. कारण लाइप्झिगच्या कितीतरी आधीं दूर उत्तरेस एक वेगळाच दावेदार उभा आहे. श्लेस्विग प्रांतांतील काप्पेल्न या लहानशा गांवीं १८१४ सालीं श्रोडर नांवाच्या धर्मोपदेशकानें चर्चच्या जमिनीचे तुकडे पाडून ते खंडानें दिले आणि त्यांसाठीं नियमहि घालून दिले. त्या प्रांताचा कारभारी हेसचा कार्ल यानें गरिबांना भिक्षा घालण्यापेक्षां जमिनीचा तुकडा द्यावा, या विचारानें असल्या 'गरिबांच्या बागा' ठिकठिकाणीं काढण्यास प्रोत्साहन दिलें. यांत दयाबुद्धि होती, तसा हिशेबहि होता. जो आपले बटाटे आपण पिकवितो, त्याचा भार धर्मादायावर पडत नाहीं. तेव्हां या कुळाचा आदिपुरुष काप्पेल्न कीं लाइप्झिग? योगायोग असा, कीं २०१४ हें साल उजाडलें, तेव्हां काप्पेल्नच्या गणनेनें २०० वर्षें भरलीं आणि लाइप्झिगच्या गणनेनें १५०. एकाच परंपरेचे दोन जन्मोत्सव एकाच वर्षीं आले, आणि त्या दोहोंमध्यें अर्ध्या शतकाचें अंतर!

माझ्या मतें या वादाचा निकाल तारखांनीं लागणारा नाहीं, कारण दोन ठिकाणीं जन्मलेल्या वस्तु दोन होत्या. काप्पेल्न येथें जमीन वरून खालीं आली: देणारा एक, घेणारे अनेक, आणि नियम देणाऱ्याचे. लाइप्झिग येथें शेजारीशेजारी असलेलीं कुटुंबें आपण होऊन एकत्र आलीं आणि आपणांस बांधून घेणारे नियम त्यांनीं आपणच केले. पहिली दानाची परंपरा आहे, दुसरी सहकाराची. आजच्या बागमंडळांत या दोन्ही मिसळलेल्या आहेत, आणि कोणत्या अंगाला मंडळ अधिक मान देतें, हें तें कोणता वाढदिवस निवडतें यावरून कळतें.

नुसती सहकाराची इच्छा असून भागत नाहीं, जमिनीवर हक्कहि लागतो, हें पुढील इतिहासानें दाखविलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या भोंवतीं मजुरांनीं खोपटीं घालून भाजीपाला लावला, तो बहुधा भाव वाढण्याची वाट पाहत पडलेल्या जमिनींवर. मालक ती सबंध जमीन एका मक्तेदाराला देई आणि मक्तेदार तिचे तुकडे करून चढ्या खंडानें मजुरांना देई. अनेक ठिकाणीं बियरचा गुत्ताहि मक्तेदाराचाच असे आणि बाग टिकवावयाची तर तेथेंच पिणें भाग पडे! पहिल्या महायुद्धांत मात्र या तुच्छ तुकड्यांची किंमत साऱ्या राष्ट्राला कळली. समुद्रमार्गानें येणारें धान्य थांबलें, आणि १९१६-१७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यांत जर्मन जनतेवर सलगमासारखे कंद खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. ज्यांच्यापाशीं बागेचा तुकडा होता, त्यांच्या घरीं निदान बटाटे होते. युद्ध संपल्यावर १९१९ च्या जुलैंत जो कायदा झाला, त्यानें खंड मनमानेल तसा वाढविण्यास आणि कुळाला वाटेल तेव्हां उठविण्यास बंदी केली; नफेबाज मक्तेदारीहि त्यानें संपविली. बागवाल्यांना जी सुरक्षितता कोणा संतपुरुषाच्या नांवानें मिळाली नाहीं, ती कायद्याच्या चार कलमांनीं मिळाली. वर्धापनदिनाच्या भाषणांत या कलमांचा उल्लेख क्वचितच होतो. त्यांचें छायाचित्र काढतां येत नाहीं, हेंहि एक कारण असेल.

आणि आतां त्या पानाकडे वळलें पाहिजे, जें स्मरणिका छापणाऱ्यांना चिकटवून टाकावेसें वाटतें. १९३३ मध्यें हिटलरची सत्ता आली आणि तिनें क्रीडामंडळांपासून गायनमंडळांपर्यंत सर्व संस्था आपल्या मुठींत घेतल्या. बागमंडळेंहि सुटलीं नाहींत. निवडलेले अध्यक्ष गेले आणि नेमलेले आले. ज्यू सभासदांना व सत्तेच्या विरोधकांना मंडळांतून घालविण्यांत आलें. वर्षानुवर्षें ज्याच्याशीं कुंपणावरून बोलणें होतें, ज्याच्या झाडाचीं सफरचंदें आपल्या वाफ्यांत पडत होतीं, तो शेजारी एके दिवशीं दिसेनासा झाला आणि त्याचा तुकडा दुसऱ्याच्या नांवें लागला. संस्थेची परंपरा अखंड आहे, असें आपण अभिमानानें म्हणतों, तेव्हां अखंडपणांत अशीं वर्षेंहि येतात, याचें भान ठेवावें लागतें.

पण त्याच बागांत त्याच काळांत दुसरेंहि कांहीं घडलें. मार्च १९४३ मध्यें बर्लिनमध्यें हान्स रोझेन्थाल नांवाचा, अठरा वर्षांचाहि नसलेला एक ज्यू मुलगा आश्रय शोधीत होता. त्याचे आईबाप वारले होते आणि धाकट्या भावाला पकडून पूर्वेकडे नेण्यांत आलें होतें. लिख्टेनबर्ग भागांतील एका बागवसाहतींत ईडा यौख या बाईनें त्याला आपल्या खोपटांत लपविलें. स्वतःच्या शिध्यांतून तिनें त्याला खाऊं घातलें. १९४४ मध्यें ती वारली, तेव्हां त्याच वसाहतींतील मारिया श्योनेबेक या दुसऱ्या बाईनें तो भार उचलला. १९४५ च्या वसंतांत युद्ध संपेतोंवर तो मुलगा तेथें जगला, आणि पुढें नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांमुळें साऱ्या पश्चिम जर्मनीला ठाऊक झाला. या स्त्रियांपाशीं ना अधिकार होता ना पैसा. होतें तें चार फळ्यांचें एक खोपटें, आणि सांपडल्यास आपलें काय होईल याची पूर्ण जाणीव. ज्या संस्थेनें शेजाऱ्याला हांकून दिलें, तिच्याच कुंपणाच्या आंत कोणीतरी शेजारधर्म पाळला. या दोन्ही गोष्टी एकाच स्मरणिकेंत, एकमेकींसमोरच्या पानांवर छापल्या पाहिजेत. केवळ पहिली छापणें हा आत्मद्वेष होईल, आणि केवळ दुसरी छापणें ही लबाडी होईल.

श्रेबरच्या नांवाचें पुढें काय झालें, तेंहि पाहण्यासारखें आहे. त्याचा एक मुलगा डानिएल पाउल हा सॅक्सनींत मोठ्या न्यायाधीशाच्या पदास पोंचला, पण वेडानें ग्रासला गेला. आपल्या आजाराची हकीगत त्यानें १९०३ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली आणि १९११ मध्यें फ्रॉइडनें तिच्यावर एक विख्यात निबंध लिहिला. त्यांत बापाचा उल्लेख फ्रॉइडनें आदरानेंच केला आहे आणि त्याच्या नांवानें चालणाऱ्या मंडळांचीहि नोंद घेतली आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं लेखकांनीं बापाचीं पुस्तकें पुन्हां उघडलीं. मुलांनीं ताठ बसावें म्हणून त्यानें योजलेले पट्टे आणि दांडे त्यांत आढळले, लहानपणापासूनच मुलाची इच्छा मोडून त्याला आज्ञाधारक करण्याचा उपदेश आढळला. आणि मुलाच्या वेडाचें मूळ बापाच्या शिस्तींत आहे, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. इतर संशोधकांनीं या निष्कर्षाला हरकत घेतली. त्या काळचें सारेंच बालसंगोपन तसें कठोर होतें, असें त्यांचें म्हणणें. वाद कसाहि मिटो; स्मरणिकेच्या पहिल्या पानावरील तें छायाचित्र आतां पूर्वीइतकें सोज्ज्वळ राहिलें नाहीं, एवढें खरें.

मग तें नांव टाकून द्यावें काय? कांहीं सुधारक तसें म्हणतील. मला तें पटत नाहीं. 'श्रेबरगार्टेन' म्हणतांना आज कोणाच्याहि डोळ्यांपुढें तो वैद्य येत नाहीं. येतो तो एक तुकडा, एक नळी, एक बसावयाचें बांक आणि टोमॅटोचीं रोपें. नांव माणसाचें राहिलेलें नाहीं, बागेचें झालेलें आहे. नांव ठेवावें आणि त्याखालीं खरी हकीगत लिहावी, हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. नांव पुसणाऱ्याला इतिहास सांगावा लागत नाहीं. ठेवणाऱ्याला तो सांगावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यांत घरें गमावलेल्यांनीं याच खोपटांत संसार मांडले. लाइप्झिग पूर्व जर्मनींत गेलें. तेथील राज्यकर्त्यांना हीं खाजगी कुंपणें प्रथम संशयास्पद वाटलीं. पण दुकानांतून फळफळावळ मिळेना, तेव्हां त्यांनींच पुढें त्यांना उत्तेजन दिलें. पश्चिमेकडे १९८३ मध्यें नवा कायदा झाला, आणि देश एक झाल्यावर तोच सर्वत्र लागू झाला. तुकडा ४०० चौरस मीटरांहून मोठा नसावा, खोपटें २४ चौरस मीटरांहून मोठें नसावें व तें कायम वस्तीसाठीं नसावें, असें त्यांत आहे. खंडावर मर्यादा आहे. पण त्या सवलतीच्या बदल्यांत जमिनीचा साधारण एकतृतीयांश भाग फळें व भाजीपाला यांसाठीं वापरला पाहिजे, असा दंडक २००४ मध्यें तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें स्पष्ट केला. पुष्कळांना हा नियम हास्यास्पद वाटतो. कोणाच्या वाफ्यांत किती कांदे आहेत, हें राज्यानें मोजावें काय? पण त्यांतील मर्म असें: नुसत्या हिरवळीवर खुर्ची टाकून बसणाऱ्याला नगरपालिका स्वस्त जमीन कां देईल? बागेला घरांच्या मागणीपासून वांचविणारी भिंत विटांची नाहीं. ती त्या कांद्यांची आहे. शहरांत घरांची टंचाई वाढली, कीं त्या भिंतीवर पहिला धक्का बसतो. मूळच्या पटांगणावरून मंडळाला १८७६ मध्यें उठविलें तें याच कारणानें.

तेव्हां वर्धापनदिनाच्या समितीनें काय करावें? माझ्यापुरतें सांगावयाचें, तर मी १८६४ मानणार नाहीं आणि १८१४ हि मानणार नाहीं. ज्या संध्याकाळीं कोणा एका बापानें आपल्या मुलाच्या वाफ्यांतील तण प्रथम उपटलें, ती या मंडळाची जन्मवेळ होय. तीपूर्वीं तेथें एक नांव होतें, एक मैदान होतें आणि एका वृद्ध शिक्षकाची अयशस्वी ठरूं पाहणारी योजना होती. तीनंतर तेथें बाग झाली. असल्या संध्याकाळीं इतिवृत्तांत नोंदल्या जात नसतात, कारण त्या वेळीं सभा भरलेली नसते आणि चिटणीस हजर नसतो. म्हणून रूढीची तारीख खुशाल पाळावी. उत्सवाला एक दिवस लागतोच. परंतु त्या दिवशींच्या अहवालांत हाउशिल्डचें नांव असावें, गेझेलचें असावें, १९१९ च्या कायद्याचें असावें, १९३३ मध्यें घालविलेल्यांची आठवण असावी. आणि क्रीडांगण वगळूं नये. हें सारें मुलांच्या खेळासाठीं सुरू झालें होतें; मोठ्या माणसांनीं कडेचे वाफे हळूहळू घेतले, तरी मधली मोकळी जागा मुलांचीच आहे. वर्धापनदिनाचा मंडप घालावयाचा, तो ती जागा सोडून घालावा.